सोमवारचं सायनस

अंबरनाथ, शिवमंदिराच्या मागची गल्ली
रविवार, जेवणं उरकल्यावर

बदलापूरच्या विहीणबाई पद्मजाताई यांना गोजरबाईचा हात जोडून नमस्कार. तुमचे गुडघे, तुमच्या कुंडीतला गवती चहा आणि तुमच्या आवाजातला जोर, तिन्ही ठीक असतील. इकडे सगळे जागच्या जागी आहेत. कैलास आनंदनगरच्या कंपनीत, आणि तुमची माधवी माझ्या डोक्यावर. फोन असताना म्हातारी कागद का खरडतेय, असं म्हणाल. फोनवर मी नुसतं ‘डोकं’ म्हटलं की तुम्ही ‘सायनस’ म्हणता, आणि पुढचा अर्धा तास मला तोंड उघडता येत नाही. कागदाला मध्येच तोडता येत नाही. अक्षर वाकडं आहे, मला चौथीतून काढून शेणी थापायला बसवलं होतं. तुम्ही शाळेत बाई होतात, लाल पेनाने सुधारून घ्या.

तर दर सोमवारी देवळातून आल्यावर दुपार कलली की माझं डोकं उठतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. उजव्या डोळ्यावर आतून कोणी खलबत्त्यात आलं कुटतंय असे ठोके पडतात. तुम्ही निदान केलंत की देवळाचा गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, तिथली ओल नाकातून डोक्यात चढते, म्हणजे सायनसच. कैलासला पटलं. माधवीला तर तुमचं सगळंच पटतं (तिला माझं एक तरी पटलं असतं तर घरात भांडी इतकी आपटली नसती). आणि खरं सांगते, मलाही पटलं. देवळात जाऊन आलेलं दुखणं म्हटलं की गल्लीत जरा मान मिळतो.

मग तुमची औषधं सुरू झाली. तुम्ही पाठवलेलं वाफेचं मशीन लावून माधवीने मला टॉवेलखाली कोंबलं. नाक भाजलं, ठोके दुप्पट झाले आणि मी मशीनमध्येच ओकले. (मशीन धुऊन ठेवलंय, परत हवं असेल तर सांगा.) मग ओव्याची धुरी. त्या वासाने मी घरातून पळाले ती ओट्यावर येऊन बसले, कपाळावर तुमचा सुंठ-वेखंडाचा लेप वाळलेला, केस सुटलेले, उजेड नको म्हणून डोळे मिटलेले, आणि दुखतंय म्हणून मी हळूहळू डोलत होते. देवळाकडे निघालेलं एक जोडपं थांबलं. त्यांना वाटलं, बाईच्या अंगात आलंय. नवरा पाया पडून विचारतो, ‘आई, जागेचं काम कधी होईल?’ मी ओरडले, ‘मेल्या, आधी समोरून हट!’ त्याची बायको लगेच त्याला म्हणाली, ‘बघा, मी तेच सांगत होते, समोरची जागा नकोच, मागची घेऊ.’ नारळ ठेवून गेली माणसं. नारळाची चटणी चांगली झाली होती, पण मला उलटीमुळे खाता आली नाही.

शेवटी कैलासने मला उल्हासनगरला नेलं, जिज्ञासा नावाच्या डॉक्टरणीकडे. सिंधी पोरगी, मराठी बरं बोलते, घाई झाली की हिंदीत शिरते. तिने विचारलं, ‘अम्मा, नाक चोंदतं? घट्ट पिवळा शेंबूड येतो? ताप? सर्दीनंतर दुखतं? गाल जड होतात?’ मी सगळ्याला नाही म्हटलं. ‘उजेड, आवाज, वास सहन होतो?’ मी म्हटलं, उजेड, आवाज, अगरबत्ती आणि माधवी, काहीच सहन होत नाही. (माधवी शेजारीच बसली होती.) नाकातून थोडं पाणी गळतं म्हटल्यावर डॉक्टरीण म्हणाली, ते यातही गळतं, म्हणूनच लोक फसतात. तरुणपणी पाळीच्या आधी असंच अर्धं डोकं दुखायचं, हेही तिने माझ्याकडून काढून घेतलं. ह्या वयात दुसरं काही नाही ना बघायला पाहिजे म्हणून प्रेशर, डोळे, रक्त सगळं तपासलं. मग विचारलं, ‘सोमवारी काय खाता?’ काही नाही. ‘चहा?’ तोही नाही. ‘आणि बाकीचे दिवस?’ उठल्यापासून झोपेपर्यंत चहाच. तिने पेन खाली ठेवलं. ‘अम्मा, ये सायनस नहीं, मायग्रेन है.’ ओल-बिल काही नाही. पोट रिकामं, आणि रोजचा चहा एकदम बंद. वेळेवर खा, पाणी प्या, दुखायला लागलं की लगेच ती देईल ती गोळी घ्या (पण ऊठसूट नाही) आणि अंधारात गप पडा. आणि असला कडक उपास बंद.

आता उपास बंद कसा करायचा, विहीणबाई? आपली नात किर्ती सातव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत ठेवली होती, तेव्हा दारात उभ्या राहून आपण दोघी मिळून नवस बोललो होतो, पोर जगू दे, जन्मभर सोमवार करू. तेव्हा खिचडी खात होतो, भगर खात होतो. मग हळदीकुंकवात बायकांपुढे तुम्ही म्हणालात, मी खिचडी सोडली. मी पुढच्या सोमवारी खिचडी आणि केळी सोडली. तुम्ही दूध सोडलंत. मी चहा सोडला. मग तुम्हीही सोडलात, वर माधवीकडून निरोप पाठवलात की ‘मला तर आठवणही होत नाही.’ शंकराशी आपण चहाचं कधी बोललोच नव्हतो. तो तुमच्यामाझ्यातच सुटला.

तरी मी आधी खाणार नाही. डोकं फुटलं तरी चालेल. हे फक्त कळवण्यासाठी लिहिलं.

आपली,
गोजरबाई

ता. क. तुम्ही आधी खिचडी खाल्लीत तर मी कोणाला बोलणार नाही. माधवीलासुद्धा नाही.

दुसरं ता. क. पत्र तुमच्याकडे न्यायला किर्ती आली. सोमवारी ती तुमच्याकडेच असते म्हणून तिला सहज विचारलं, तुझी बदलापूरची आजी सोमवारी दुपारी काय करते? म्हणाली, पडदे ओढून, कपाळावर ओला फडका टाकून पडते, आणि कोणी बोललं की अंगावर येते. विचारलं तर म्हणते, सायनस. कमाल आहे तुमची! स्वतः तळमळत पडायचं आणि मला वाफेचं मशीन पाठवायचं!

उद्या देवळात या. दर्शन झालं की बाहेर झाडाखाली बसू. खिचडी मी आणते, थर्मास तुम्ही आणा, तुमचा गवती चहा चालेल, पण चहापत्ती टाका. दोघींनी कप एकदम उचलायचे आणि एकदम तोंडाला लावायचे. गरम आहे म्हणून फुंकर मारत मागे राहायचं नाही. मी बघत असेन.