मावळतीची काच

१२ जानेवारी १९८४

थंडी! रात्रभर पाय गरम झाले नाहीत. दोन गोधड्या, वर यांची जुनी घोंगडी — तरी नाही. नव्या बंगल्यात येऊन आठ दिवस झाले. आतल्या दोन खोल्या विटांच्या, माझी तेवढी काचेची. एक खोली मंगळू-विमलची, एक पाहुण्यांची. पाहुणे आत, आई बाहेर.

सकाळी काचेला आतून पाणी सुटलेलं असतं. फडक्याने पुसते. मुलाने बंगला बांधला आणि आईला काचा पुसायचं काम मिळालं.

१५ जानेवारी

रविवार. मंगळूला बँकेची सुट्टी, म्हणून माझ्या थंडीची चर्चा. त्याचं म्हणणं, कॉइलचा हिटर आणू. विमलचं म्हणणं, "बिल कोण बघणार? आणि आत्यांचा पदर कॉइलला लागला म्हणजे?" मी म्हटलं, शेगडी ठेवा. तर दोघं एकदम ओरडले — "बंद खोलीत कोळसा? नको!"

ते बरोबरच आहे म्हणा. कोळशाने काय होतं ते या घराला माहीत आहे. हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नऊ वर्षं कोळशाच्या धुळीत होते. पाच वर्षं झाली जाऊन. अजून रात्री कुठे कोणी खोकलं की मी उठून बसते.

"आई, तुला काय पाहिजे ते तरी सांग."

"मला काय, काहीही चालेल."

आयुष्यभर हेच म्हणत आले. लोकांना ते खरं वाटतं.

१६ जानेवारी

इथे खरं लिहिते. मला हिटर नको, शेगडीही नको. मला काच उगवतीला पाहिजे होती.

एकलहऱ्याला एका इंजिनियरच्या बंगल्याला तशी खोली होती. यांनी कुंपणाबाहेरून पाहिलेली. हिवाळ्यात सकाळी त्यात ऊन भरायचं, आणि साहेबाची म्हातारी आई कुंड्यांमध्ये बसून शेंगा सोलायची. घरी येऊन मला म्हणाले, "रिटायर झालो का आपण बी तशी खोली करू. उगवतीला. तू वाचायचं, म्या ऐकायचं." यांना सहीपुरतंच येत होतं. मी वाचून दाखवलं की डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच म्हणायचे, "मंग?" झोपले असं वाटायचं, पण कधी झोपले नाहीत.

मंगळूला हे सगळं माहीत होतं. तरी काच मावळतीला.

२९ जानेवारी

हिटर आला. दोन कॉइल लाल होतात, पुढून पाय भाजतात, मागून पाठ गार. धूळ जळल्याचा वास येतो. मी तो बंद करून घोंगडी घेते. सकाळी विचारतात, "झोप लागली ना?" लागली म्हणते.

११ मार्च

थंडी गेली तर ऊन आलं. दुपारी तीनपासून सूर्य सरळ खाटेवर. पितळी तांब्याला हात लावला तर चटका बसला! आज मात्र तोंड उघडलं.

"मंगळू, उगवतीला काच असती तर हिटरबी लागला नसता न् पंखाबी नाही."

"आई, रस्ता पश्चिमेला आहे. काच रस्त्याकडेच पाहिजे."

"लोकांना दाखवायला?"

"हो. दाखवायलाच!"

आणि स्कूटर काढून निघून गेला. स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. कॉलनीत आमचं एकच घर आमच्यातलं. समोरच्यांनी पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं होतं. त्यांना दाखवायचं असेल की आम्हालाही काचा परवडतात. दाखव बाबा. पण त्या काचेमागे आईला कशाला भाजतोस?

२ एप्रिल

वरचा पंखा गरम हवाच फिरवतो. विमलने चांगलं सुचवलं — बाहेरून वाळ्याचे पडदे सोडायचे, त्यावर पाणी मारायचं. वासही छान येतो. मंगळू तडकला. "पडदा नको! काच झाकायची नाही. कूलर आणू." विमल माझ्याकडे बघून नुसती भुवया उडवते. नवऱ्यापुढे तिचंही चालत नाही. आज पहिल्यांदा ती मला बरी वाटली.

१४ एप्रिल

जयंती. दुपारी नाशिकरोडच्या जुन्या चाळीतल्या बायका घर बघायला आल्या. गोजराबाई दारातूनच ओरडली, "अगं बया! हिला तर दुकानातल्या बाहुलीवानी काचंत बसवलंय! काय गं, किंमत काय लावली?" सगळ्या हसल्या. मीही हसले. काय करणार!

ही गोजरा तेव्हाही अशीच. मंगळू पहिलीत होता, त्याच्या पुस्तकावरून मी अक्षरं गिरवायची. हिने एकदा पाहिलं आणि चाळभर केलं — "मास्तरीण झाली, आता कलेक्टरीण व्हनार!" मग मी पुस्तक परातीखाली लपवायला लागले. मंगळू उंबऱ्यात बसायचा. कोणी येताना दिसलं की खोकायचा. केवढा तो जीव, पण खोकला अगदी म्हाताऱ्यासारखा काढायचा! मी पुस्तक परातीखाली सारून पीठ मळायला घ्यायची. पुष्कळदा पीठ नसायचंच. नुसती परात चोळायची.

त्या मुलाचं काय झालं कोण जाणे.

२२ एप्रिल

कूलर आला. हिरवा पत्र्याचा, ट्रंकेएवढा, आवाज मळणीयंत्राचा. मंगळूने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या — "गार हवा बाहेर जाते." मला कळलं होतं की हवा जायला वाट पाहिजे. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

२ मे

अंग चिकचिक. भिंतीला ओल. आणि पुस्तकं! भिजलेल्या पापडासारखी वर वळली. दोन पुस्तकांच्या पाठीवर पांढरी बुरशी. ओट्यावर उन्हात मांडून बसले. यातली कितीतरी यांना वाचून दाखवलेली. ज्या पानाला हे "मंग?" म्हणाले ते पान अजून ओळखते. तीच पानं एकमेकांना चिकटली आहेत. सुरीने सोडवली तर अक्षरं फाटतात.

फार रडले. आतल्या खोलीत जाऊन.

६ मे

दिवसभर वीज नाही. एकलहऱ्याच्या विजेपायी माणूस गेला, आणि मला कूलरपुरतीही वीज नाही!

९ मे

केलं एकदाचं.

घर रंगवून उरलेला चुना पिंपात होता. एकलहऱ्याला गोदामाच्या काचांना लावतात तसा दाट कालवला आणि कुंच्याने आतून सगळ्या काचा सारवल्या. दोन हात. विमल बाजारात गेली होती. संपेपर्यंत कोणाला कळलं नाही.

खोली गार झाली! ना हिटर, ना कूलर. ना रस्त्यावरच्या माणसांच्या नजरा. काचेच्या खोलीत आल्यापासून दुपारी पहिल्यांदा झोपले.

संध्याकाळी मंगळू आला. स्कूटर बंद करून फाटकातच उभा राहिला. बराच वेळ. मला वाटलं आता ओरडेल. तसाच आत गेला, जेवला नाही.

न जेवो. माझी पुस्तकं सडली तेव्हा मीही जेवले नव्हते. कोणी विचारलं नाही.

११ मे

बोलत नाही. विमल पोळ्या लाटताना हळूच म्हणाली, "आत्या, निदान त्यांना विचारायचं तरी." मी म्हटलं, काच कोणत्या दिशेला लावायची, हे मला कोणी विचारलं होतं? तिने पोळी तव्यावर टाकली.

१८ मे

अजून नाही. माझ्या खोलीच्या दाराशी येतो आणि परत जातो. येऊ दे. मी हाक मारणार नाही.

२४ मे

केरू मिस्त्री पन्हळ बसवायला आला. बंगला त्यानेच बांधला. पांढऱ्या काचा बघून शिडीवरच थबकला.

"आजी, ह्ये काय केलं वो? सायबानं दोनदा माझी भितडी पाडाया लावली ह्या काचंपायी. म्हनं, मिस्त्री, अजून खाली घे. माझी आई खुर्चीत बसून वाचती, ते रस्त्यानं जानाऱ्याला दिसलं पायजे. लय लपून वाचलं म्हनं तिनं."

दुपारभर चिंच, राख, कढत पाणी — सगळं करून घासलं. चुना निघाला. पण काच खाल्ली आहे त्याने, धूसरच राहिली.

मंगळू यायच्या वेळेला दिवा लावला आणि पुस्तक घेऊन खुर्ची काचेला लावून बसले. बाहेरून नुसती सावली दिसत असेल.