होळीतून काढून घेतलेलं लुगडं

आई, दादांच्या पुतळ्याशेजारी आता तुझाही फोटो लावायचं ठरलं आहे. स्मारक मंडळाची माणसं येऊन गेली. तुझ्यावर दोन पानं लिहून द्या म्हणाली, त्यागाबद्दल असतील तर बरं. लिहायला बसले तर तुझा त्याग काही आठवेना. आठवल्या त्या समुद्रकाठच्या थळ गावातल्या बाळंतिणींच्या दोन खोल्या, शेगडीवर सदा उकळणारं पाणी आणि तुझ्या पदराला येणारा ओव्याच्या धुरीचा वास. मग म्हटलं, मंडळाचं राहू दे, तुलाच लिहू.

दादा येरवड्याच्या तुरुंगात होते. सारा देश त्यांचा जयजयकार करत होता आणि तू, त्यांची बायको, माडांच्या वाडीत खोल्या भाड्याने घेऊन कोळणींची बाळंतपणं करत होतीस. म्हाताऱ्या सुईणीच्या हाताखाली बसून शिकलीस, तिची बोलणी खाल्लीस. कोळणी फुकटचं काही घेत नसत, उंबऱ्यावर सुके बोंबील ठेवून जात. आपण मासळी खाणारे नव्हे. तू ते नाक न मुरडता ठेवून घ्यायचीस आणि पुढच्या बाळंतिणीच्या घरी धाडायचीस. मी नाकाला पदर लावून हिंडले की तू हसायचीस.

विलायती कापडाची होळी ठरली, त्या सकाळी खोलीत दिवस भरायच्या आत झालेलं एक पोर होतं. एवढंसं, लालभडक. त्याला आपण नवी खादी गुंडाळली, तर अंगावर ओरखडे उठले. त्याची कोळीण आजी माझ्यावर करवादली, "बाय, बालाला कोरा कपरा लावीत न्हाय. जुना लुगरा हाय का?" तू होळीसाठी बांधलेलं गाठोडं सोडलंस. माझ्या आजीचं विलायती सुताचं लुगडं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं, त्यातून ओढून काढलंस आणि टर्रकन फाडलंस.

गाठोडं न्यायला आलेल्या स्वयंसेवकांच्या पुढाऱ्याने ते पाहिलं. वहिनी, हे विलायती आहे, असं तो हळूच म्हणाला. लोकांना काय सांगू, दादांची स्वदेशीची शपथ दादांच्याच घरात मोडली म्हणून? त्याचंही खोटं नव्हतं.

"विलायतीच आहे," तू म्हणालीस. "बाळाच्या अंगावर आहे. जाळायचं असेल तर तुमच्या हाताने सोडवून घ्या."

तो उरलेलं गाठोडं उचलून गेला. पण दादा सुटून आले तेव्हा त्याने सांगितलंच. दादा रागावले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं. घरात व्रतभंग झाला म्हणून प्रायश्चित्ताचा एक दिवसाचा उपवास त्यांनी जाहीर केला. गावोगावची माणसं येऊन ओटीवर बसली, भजनं सुरू झाली. दर्शनाच्या रांगेत ती कोळीण आजीही होती, नातवाला कडेवर घेऊन. पोर चांगलं बाळसं धरलेलं, अंगात त्याच लुगड्याचं झबलं. दादांनी त्याचा गालगुच्चा घेतला आणि किती गोड आहे म्हणाले. तू स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतीस. मला वाटलं, आता तू सांगणार. तू आत जाऊन भाकऱ्या थापायला बसलीस.

आणि दुपारी पान वाढून घेऊन पोटभर जेवलीस. नवरा उपाशी आणि ही जेवतेय, असं कोणीतरी ओटीवरून ऐकू येईल इतपत बोललं. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "उपास ह्यांचा आहे. मला संध्याकाळी एका बाळंतिणीजवळ उभं राहायचंय." त्या क्षणी मला तुझा इतका अभिमान वाटला, की रडू आलं. ते तुला कधी सांगितलं नाही.

मंडळाला यातलं काही देणार नाही. त्यांना दादा हवे आहेत, आणि दादा मलाही फार प्रिय होते. पण त्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर मी दादांबरोबर उपास धरला होता, आणि दुपारी तू काही न विचारता माझंही पान मांडलंस. मी बसले. दोनदा भात मागून घेतला. दादा शेवटपर्यंत लोकांना कौतुकाने सांगत, "त्या दिवशी घरात माझ्या बाजूने एकच माणूस होतं, माझी लेक." मी मान खाली घालून ऐकत असे.