तिसरी गोलकीपर आणि एकतीस वर्षांचा इतिहास

ती. मावशीस नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना उतरताना कुरकुरत नसेल आणि काकांचा खोकला गेला असेल, असं धरून चालते. मी बरी आहे. डावा डोळा सोडून, पण त्याचं ओघात येईलच.

उत्तराला उशीर झाला, कारण गेले दोन महिने मी इतिहासकार आहे. आमच्या हँडबॉल क्लबला एकतीस वर्षं झाली. पुस्तिका खरं तर तिसाव्या वर्षी काढायची होती, पण ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. अध्यक्षबाईंनी (याच क्लबच्या पहिल्या कप्तान) सगळ्या खेळाडूंवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. तुला ठाऊकच आहे, मी संघाची तिसरी गोलकीपर. पहिली खेळते, ती दमली की दुसरी खेळते, आणि मी दोघींच्या पाण्याच्या बाटल्या भरते. तोवरच्या तीन वर्षांत मी एकूण चार मिनिटं मैदानात होते, आणि त्या चार मिनिटांत चेंडू पलीकडेच होता. "तुला बसल्या जागेवरून सगळं दिसतं," बाई म्हणाल्या. मी वही आणली.

तर इतिहास असा. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात नऊ जणी कामाला होत्या. मळक्या चादरींचे बोळे लांबच्या टोपलीत फेकायचे हे त्यांचं काम, आणि मधे उभं राहून ते अडवायचे हा जेवणाच्या सुट्टीतला खेळ. तिथल्या दाताच्या डॉक्टरांनी एकदा हे पाहिलं आणि असा खेळ जगात खरोखरच आहे असं त्यांना सांगितलं. तेच पहिले कोच. त्यांनी स्वतः जन्मात चेंडू फेकला नव्हता. ते नियमांचं पुस्तक मोठ्याने वाचायचे आणि बायका तसं करायच्या. पहिल्या सामन्यापर्यंत बचावाचं प्रकरण वाचून व्हायचं होतं, त्यामुळे सामना चौतीस विरुद्ध तीन असा हरलो.

आता त्या तिनातला पहिला गोल कोणाचा, यावर माझे नऊ दिवस गेले. अध्यक्षबाई म्हणतात, त्यांचा. क्लबची पहिली गोलकीपर हल्ली गाडी चालवायला शिकवते. तिला वेळ नव्हता म्हणून तिने मला शिकवणीच्या गाडीतच मागे बसवलं. पुढे एक घामाघूम झालेले गृहस्थ स्टिअरिंगला लटकून बसले होते. ती म्हणाली, पहिला गोल तिचा. चेंडूचा वैताग आला म्हणून तिने तो आपल्याच गोलातून जोरात भिरकावला, आणि तिकडची गोलकीपर तेव्हा बुटाची नाडी बांधत होती. तो कसा भिरकावला हे दाखवायला तिने पूर्ण वळून उजवा हात लांब केला. गृहस्थांना वाटलं, उजवीकडे वळायला सांगताहेत. वळले. तिथे फुलांचं दुकान होतं. कोणाला काही झालं नाही, दोन बादल्या गेल्या. फुलं गोळा करता करता तिने मला शांतपणे विचारलं, "माझं म्हणणं नीट लिहिलंस ना?" मी हे बाईंच्या कानावर घातलं. त्यांनी माझ्याच पेनाने आपलं नाव खोडलं. मग म्हणाल्या, "तिचाच लिही. पण दुसरा माझा होता, तो मोठ्या अक्षरात."

पुढची वर्षं बरी गेली. पहिलं मैदान म्हणजे फर्निचरचं बंद पडलेलं दुकान, आणि त्याच्या बरोबर मधोमध खांब. आमच्या बायकांना तो पाठ होता, पाहुण्यांना नव्हता. दोन वर्षं घरच्या मैदानावर आम्ही एकही सामना हरलो नाही. (हँडबॉलमध्ये एका बाजूला सात जणी असतात. पुस्तिकेत मी "खांबासह आठ जणी" असं लिहिलं होतं, ते खोडलं गेलं.) मग महासंघाने खांबावर हरकत घेतली, नवं सभागृह मिळालं, आणि मोकळी जागा बघून आमच्या बायका इतक्या गोंधळल्या की सलग पाच सामने हरल्या. बाराव्या वर्षी क्लब व्यावसायिक झाला. खेळणं हीच नोकरी झाली, आणि धुलाईखान्यात उरलेल्या शेवटच्या दोघींनी एकाच दिवशी राजीनामे दिले. त्यानंतर चार अजिंक्यपदं, दोन करंडक, आणि एकदा परदेशातल्या मोठ्या स्पर्धेची उपांत्य फेरी, जी एका गोलाने गेली. (त्या एका गोलावर बाईंनी तीन पानं सांगितली. मी तीन ओळी केल्या. त्यांनी पानं परत चिकटवली.)

गेली दोन वर्षं मात्र घसरण चालू आहे, आणि परवाचा सामना जिंकलो नसतो तर थेट खालच्या गटात. त्या सकाळी सरावात आमच्या आताच्या पहिल्या गोलकीपरचं बोट मोडलं. सामन्यात दुसरी आपला गोल सोडून पुढे धावली आणि समोरचीला धडकली. लाल कार्ड. अकरा मिनिटं बाकी, आमची एका गोलाची आघाडी, आणि कोचने बाकाकडे पाहिलं तेव्हा मी बाटलीचं झाकण लावत होते.

माझ्याकडे सहा चेंडू आले, पाच आत गेले. आमच्या मुलींनीही पाच केले, म्हणून आघाडी तेवढीच राहिली. वेळ संपला आणि त्यांना सात मीटरवरून फेक मिळाली, म्हणजे मधे फक्त मी. फेकणारी दाराएवढी उंच. मी मनाशी ठरवून एका बाजूला झुकले, आणि तिने चेंडू नेमका तिथे मारला जिथे माझं तोंड येत होतं. तो डोळ्यावर आपटून आडव्या दांड्याला लागला आणि बाहेर गेला. जागेवर उभ्या असलेल्या गोलकीपरच्या तोंडावर मारलं तर मारणारीला लाल कार्ड मिळतं. पंचांचा हात खिशाकडे गेला होता. मी आडवी पडले होते, आणि माझ्याशेजारी गुडघ्यावर बसलेली ती फेकणारी पोरगी पांढरीफटक पडली होती.

"मी हलले होते," मी पंचांना म्हणाले. "चुकीच्या बाजूला."

कार्ड खिशातच राहिलं. आम्ही वरच्याच गटात राहिलो. बाई बर्फ घेऊन कपडे बदलायच्या खोलीत आल्या, माझ्याजवळ बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "शेवटचं प्रकरण तू लिहू नकोस. ते मी लिहिते."

काकांना नमस्कार सांग.

तुझी भाची

ता.क. चष्म्याच्या दुकानातली नोकरीची जी जागा तू माझ्यासाठी पहिल्या तारखेपर्यंत अडवून ठेवली आहेस, ती दुसऱ्या कोणाला देऊन टाक. हे लिहायलाच पत्र घेतलं होतं, पण पहिल्या ओळीत जमेना. आणि आईला हे तू सांग. माझ्या तोंडून ऐकलं तर ती आधी डोळा बघेल.

आणखी एक. पत्र टाकायला निघाले तर पुढच्या सामन्याची यादी लागली होती. पहिलीचं बोट आणि दुसरीचं कार्ड बघून कोचने बाहेरून एक नवी गोलकीपर आणली आहे. ती पहिली, मी दुसरी. आईला सांगताना बढती म्हणून सांग.