होडीवरचे मासे आणि पांढरं पान

अब्बा, तरी मी म्हणत होतो, एवढं भरू नका. नाव नि नंबर घातला की होडी रंगली. पण तुम्ही ऐकाल तर ना! पुढे नाळेवर, होडीच्या टोकाला, गुलाब, गुलाबाखाली मासे, माशांच्या मध्ये बोटभर जागा उरली तर तिथे चांदण्या. मी उन्हात खालची पट्टी ओढतोय आणि तुम्ही वरून ओरडताय, "मेल्या, मालकाने पुऱ्या होडीचे पैसे दिलेत, अर्धी कोरी ठेवू? आणि बायका धक्क्यावर उभ्या असतात, त्यांना लांबून आपली होडी कळायला नको?"

आता ऐका. इथे शारजात आधी दुकानांच्या पाट्या करायचो, आता वेबसाइट करतो. आठवी नापास माणूस कॉम्प्युटरवर बसतो, तुम्हाला खरं वाटलं नसतं. पहिलं काम एका खजूरवाल्याचं. मी पान तुमच्यासारखंच भरलं, चारी बाजूंनी वेल, लुकलुकणारे तारे, खालून पळणारी अक्षरं. आमच्या कंपनीच्या साहेबांनी ते उघडलं नि घड्याळाकडे बघत बसले. चित्र वरून पट्टी पट्टीने उतरत होतं. "अरे, हे पुरं दिसेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात पोचलं," म्हणाले, "काढ." तारे काढले. "अजून काढ." वेल काढला. शेवटी पांढऱ्यावर एक खजूर नि फोन नंबर राहिला, आणि अब्बा, पान टक्कन उघडलं. दिसलंही बरं. आपलं भांडण मी जिंकलो, असं वाटलं त्या दिवशी. सांगायला तुम्ही नव्हतात.

तेव्हापासून काढायचंच काम करतोय. सगळ्यांना पांढरं हवं. दिवसभर त्याच्याकडे बघून डोळे शिणतात, खोलीवर यावं तर तीही तशीच, भिंतीला खिळा मारायची परवानगी नाही. कंटाळून दोनदा नोकरी बदलली. काम तेच.

परवा धाकट्याचा फोन आला. तुमच्या जागी आता तो होड्या रंगवतो. तुमची शेवटची होडी तो दर पावसाळ्यात तुमच्याच रेघांवर ब्रश फिरवून नवी करत आलाय. यंदा मालक म्हणतो, सगळ्यावर पांढरा मार, नाव नि नंबर घाल, तेवढ्याचेच पैसे देईन. धाकटा विचारतो, "भाई, तू तर हेच म्हणायचास ना? मारू?"

मला हो म्हणता येईना. माझ्या पानासमोर माणूस थांबत नाही, म्हणून ते कोरं. धक्क्यावरच्या बायका थांबतात, अंधार पडेपर्यंत थांबतात, त्यांच्यासाठी तुम्ही भरत होतात. तरी उद्या साहेब काढ म्हणाले की मी काढणारच, इथे त्यांचं खरं आहे.

हे पत्र टाकायचं कुठे, म्हणून उशाखाली ठेवतोय. खरं सांगू? होडी लांबून येताना मीसुद्धा तिचा नंबर कधी वाचला नाही, तुमचे मासे बघूनच ओळखायचो. धाकट्याला सांगितलंय, पांढऱ्याचे पैसे मालकाकडून घे. लाल, पिवळ्या नि निळ्याचे मी पाठवतोय, अठराशे रुपये.