माझ्यामागून हुंगणारी

२७ ऑक्टोबर, सोमवार

उद्या पाहुणे येणार. सहा जण. पाच दिवस आमच्या घरात झोपणार, आमचं खाणार, आमच्या डुकरांमागे ओकच्या झाडांखाली हिंडणार, आणि वर त्याचे पैसे देणार! एलॉयने या प्रकाराला नाव दिलंय — 'चवीची सुट्टी'. पोटचा मुलगा आहे म्हणून गप्प बसते.

"तळघरात कुणाला न्यायचं नाही," मी म्हटलं.

"आई, तळघरातल्या डुकराच्या मांड्यांसाठीच तर येतायत."

"मग मी नेईन. मांड्या हुंगायची सुई माझ्याकडे आहे."

यावर त्याने बायकोकडे, न्येवेसकडे पाहिलं आणि तिने त्याच्याकडे. माझ्यादेखत डोळ्यांनी बोलतात दोघं, जसं काही मी भिंतीवरचं कॅलेंडर आहे.

मग हळूच विषय काढला. शनिवारी सर्व संतांचा सण. सगळं गाव आमच्या अंगणात येणार, चेस्टनट भाजणार, वर्षातली सगळ्यात जुनी, मिठात मुरवलेली मांडी कापली जाणार. तर म्हणे, या वर्षी त्या दिवशी सुई न्येवेसच्या हाती द्यावी. "तुलाही आराम, आई."

आराम! सासूबाईंनी मला सुई दिली ती अंथरुणावरून, शेवटच्या आठवड्यात. मी अजून अंथरुणाला खिळलेली नाही. ही सेव्हिलची पोर घरात आली तेव्हा हिला मागची मांडी आणि पुढचा खांदा यातला फरक कळत नव्हता. कानामागून आली आणि तिखट झाली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आले. एक माद्रिदचा दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको, दोन बहिणी, एक नुसता फोटो काढणारा, आणि कार्लोता नावाची एक बाई — गळ्यात मोत्यांची माळ, पायात पांढरे बूट. पांढरे! डुकरांच्या रानात!

सगळ्यांना एलॉयने एप्रन वाटले. त्यावर आमच्या घराचं चित्र. मलाही दिला. मी तो भांडी पुसायला ठेवला.

तळघराच्या दाराशी न्येवेसने कार्लोताबाईंना थांबवलं. "माफ करा, अत्तर लावून आत नाही येता येणार. मांड्या वास धरतात." बाई बिचारी तोंड धुवून आली तरी हिचं "अजून येतोय". मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते, मला तर काही आला नाही. पण सुनेला चार लोकांत अधिकार गाजवायचा होता ना, मग निमित्त हवंच.

आत मी त्यांना काम दाखवलं. सुई घोड्याच्या हाडाची, माझ्या वीतभर लांब. सांध्यापाशी खुपसली, काढली, लगेच नाकाशी नेली, मग भोक चरबीने बुजवलं. दाताचा डॉक्टर म्हणाला, "वरून पाहून नाही का कळत?"

"वरून सगळेच चांगले दिसतात," मी म्हटलं. "नासायचं ते हाडापाशी नासतं."

हसले सगळे. मग त्या बहिणींतल्या धाकटीने हात पुढे केला — मी पण हुंगू का? एलॉय सुई देणारच होता! मी सुई मागे घेतली. आमच्या डोंगरात सुई धरणारीच्या मागून कुणी हुंगत नाही. तिचा शब्द शेवटचा. तिच्यामागून हुंगणं म्हणजे भर चौकात तिला खोटारडी म्हणणं. यावरून आमच्या चुलत आजोबांच्या दोन घरांत बोलणं बंद झालं ते अजून बंद आहे.

रात्रीचं जेवण न्येवेसने केलं होतं. अळंबी, अंडी, ताजं चीज. पाहुणे माना डोलवत होते. मला मिठाशिवाय काही लागलं नाही. माझ्या हातची अळंबी असती तर गल्लीच्या टोकापर्यंत कळलं असतं. मी उठून दोन मुठी लसूण टाकला. तरी तेच! लसूणसुद्धा आता दुकानातून आणतात.

२९ ऑक्टोबर, बुधवार

हासिंतो आला, खांद्यावर मांडी घेऊन. गावात डुक्कर कापणारा म्हातारा, माझा नवरा गास्पार होता त्याचा जुना मित्र. बायको गेल्यापासून एकच डुक्कर पाळतो, दोनच मांड्या करतो. एक मुलीकडे जाते, दुसरी त्याचं वर्ष काढते.

"ओब्दुलिया, तू हो म्हणालीस की सुरी लावतो."

सुई तीन ठिकाणी घातली. स्वच्छ. म्हटलं, "लाव सुरी." त्याने टोपी काढली, जसं काही पाद्र्याने आशीर्वाद दिला. याला म्हणतात मान. न्येवेस दारात उभी होती, ओठ दाबून. शिकली असती काही तर.

दुपारी पाहुण्यांनी डुकरांची नावं विचारली. एलॉयने तिथल्या तिथे नावं ठेवली! मला लाज वाटली, डुकरांची.

३० ऑक्टोबर, गुरुवार



सकाळी चर्चकडून परत येत होते. हासिंतोच्या मागच्या दारातून न्येवेस आत शिरताना दिसली. खांद्यावर आमची मांडी! आमची — टाचेला आमच्या घराची लाल दोरी. थोड्या वेळाने बाहेर आली, तर पोत्यात दुसरं काहीतरी मांडीएवढं गुंडाळलेलं, आणि ते पोतं सरळ नाल्याकडे घेऊन गेली.

घरी आल्यावर विचारलं.

"हासिंतोकाका एकटे असतात, सासूबाई. म्हटलं आपल्याकडची एक द्यावी."

"त्याची त्याला आहे. मी काल स्वतः हो म्हणाले."

"हो. तरी."

तरी! एवढंच. वर मान नाही केली. तीन हिवाळे टांगलेली मांडी, मला न विचारता गावात वाटत सुटली आहे. शनिवारी सगळ्यांनी हिचा उदो उदो करावा, सुई हिला द्या म्हणावं, म्हणून ही आधीच पेरणी. हासिंतोलाही विचारलं. तो टोपी फिरवत बसला. "चांगली पोर आहे गं," म्हणाला. विकला गेला तोही.

संध्याकाळी तळघरात गेले, दार लावून घेतलं, एकेक मांडी खाली उतरवून पाहिली. आणि काय सापडलं? माझ्या प्रत्येक भोकाच्या बाजूला दुसरं भोक! बारीक, नीट बुजवलेलं, ताज्या चरबीने. एक नाही, दोन नाही. मी हुंगलेल्या सगळ्या!

माझ्यामागून हुंगतेय. माझ्या घरात, माझ्या तळघरात!

जेवायच्या टेबलावर, पाहुण्यांसमोर, विचारलं. मुद्दाम समोर विचारलं. "न्येवेस, माझ्या मांड्यांना भोकं कुणी पाडली?"

काटे-चमचे थांबले. "मी," म्हणाली. "शिकत होते. माझं चुकलं."

"शिकायचं तर समोर शिकतात. चोरून नाही."

एलॉय मध्ये पडला. "आई, शनिवारनंतर बोलू."

म्हणजे त्यालाही माहीत! पण न्येवेसने मान हलवली तसा तो गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. म्हणजे पुरतं ठाऊक नसावं त्यालाही. मला आता या घरात कोण काय जाणतं तेच कळेनासं झालंय.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

मी बोलत नाही. तीही बोलत नाही. कार्लोताबाई मात्र दोघींशी बोलते, खूप बोलते.

ठरवलं. सुई न्येवेसला नाही. माझी भाची तेओदोरा आहे पलीकडच्या गावात, आडदांड आहे पण मुकाट तरी राहते. उद्या सगळ्यांसमोर सांगणार.

१ नोव्हेंबर, शनिवार

सगळं गाव होतं. अंगणात जाळ केला, चेस्टनट फुटत होते, पोरं तोंडाला राख फासून पळत होती. पाहुणे त्यांचे एप्रन घालून. मी काळा झगा घातला, सासूबाईंचा.

सगळ्यात जुनी मांडी मी निवडली, गास्पारने मिठात घातलेली शेवटची. ती टेबलावर ठेवली तोच न्येवेस जवळ आली आणि कानाशी म्हणाली, "सासूबाई, ती नको. दुसरी घेऊ या."

"का?"

तिने मांडी उचलायला हात घातला.

मग माझा ताबा सुटला. मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले — ही माझ्यामागून हुंगते. आमची मांडी मला न विचारता लोकांच्या घरी पोचवते. आणि आता सणाच्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या हातच्या मांडीला नाही म्हणते. तेव्हा सर्वांनी ऐका, माझ्यामागे सुई तेओदोराकडे जाईल. हिच्याकडे नाही.

चेस्टनट तेवढे फुटत राहिले. न्येवेस तिथेच उभी होती, हात एप्रनमध्ये गुंडाळून. रडली असती तर बरं वाटलं असतं मला. खरंच वाटलं असतं.

सुई घातली. काढली. नाकाशी नेली. "उत्तम," म्हणाले. एलॉयने कापायला घेतलं. हाडापर्यंत गेला आणि हात थांबला त्याचा. मी म्हटलं, "काप. थांबतोस काय?"

पहिला तुकडा सुई धरणारीचा. खाल्ला. खारट, जशी असते तशी. बाकीच्यांना वाढलं. आणि मग एकेकाचे हात खाली गेले. दाताच्या डॉक्टरने तुकडा रुमालात घेतला. कार्लोताबाई तोंडावर हात ठेवून झाडामागे गेली. हासिंतो जमिनीकडे बघत होता. पाद्र्याने ताट हळूच दूर सारलं. माझ्या गास्पारच्या मांडीला नाकं मुरडत होते, सगळे! मी आणखी एक तुकडा उचलला, मुद्दाम, त्यांच्या डोळ्यांसमोर.

तेव्हा न्येवेस पुढे आली. माझ्या हातातून तुकडा काढून घेतला आणि म्हणाली, मोठ्याने —

"मांडी माझ्यामुळे नासली. दक्षिणेचा दमट वारा होता आणि तळघराची खिडकी मी उघडी ठेवली. सासूबाईंनी ही बाजूला काढायला सांगितली होती. मी चुकीची आणली. आत्ता माझी लाज राखायला त्या उत्तम म्हणाल्या. मला माफ करा."

कुणीतरी मागून हसलं, "सेव्हिलची सून, दुसरं काय." आणखी चार जण हसले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. न्येवेसने दुसरी मांडी आणली, एलॉयने ती कापली, लोक जेवले, गायले.

मी आत आले. झालं तेच हवं होतं ना मला? सगळ्या गावासमोर तिने चूक कबूल केली. पण खिडकी मी लावते, रोज, वारा पाहून. आणि मी तिला ती मांडी बाजूला काढायला सांगितलंच नव्हतं. तिची लाज राखायचं तर माझ्या मनातही नव्हतं. म्हणजे खोटं बोलली. पण स्वतःच्याच गळ्यात कोण खोटं अडकवून घेतं? आणि तेही मी सगळ्यांदेखत असं बोलल्यावर?

तो तुकडा मला नेहमीसारखाच खारट लागला होता. मला सगळंच सारखं लागतं हल्ली.

२ नोव्हेंबर, रविवार

पाहुणे गेले.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. लसूण ठेचून नाकाशी धरला. मग व्हिनेगरची बाटली. मग दिव्याचं तेल. आत नुसती हवा जाते.

कपाट उघडून गास्पारचा कोट काढला. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्याला येणारा गास्पारचा वास गेला होता. आता हाही गेला म्हणून मी दिवसभर रडले होते. न्येवेस तेव्हा दारात होती.

आज तिला हाक मारली. "किती दिवस माझ्यामागून हुंगतेस?"

"दोन हिवाळे, सासूबाई. कुणाला सांगितलं नाही."

मी कोट तिच्यापुढे धरला. तिने नाक खुपसलं, बराच वेळ.

"तंबाखू," म्हणाली. "ओला धूर. आणि थोडा डुकरांचा."