नट-बोल्टांवरचा वेल्डिंगचा ठिपका

मंगळवार, संध्याकाळ. गोमती नगर.

वृंदावन योजना वसाहतीत मी डिझाइन करतेय त्या घराचा पोलादी सांगाडा मी मुद्दाम बोल्टने जोडायला सांगितला होता. कधी घर पाडायची वेळ आली, तर तुळया खोलून दुसरीकडे लावता याव्यात म्हणून. आज साइटवर गेले तर प्रत्येक नटावर वेल्डिंगचा ठिपका! सांगाडा जोडणारा फॅब्रिकेटर खुशीत म्हणाला, "मॅडम, अब ये कभी नहीं खुलेगा."

चिडलेच मी. ठिपके घासून काढा म्हटलं, कारणही सांगितलं. तर मालकीणबाईंनी हात जोडले. "घर बन रहा है, अभी से टूटने की बात मत कीजिए."

ठिपके तसेच राहू दिले. का दिले?

एवढासा ठिपका, पण त्यापायी सगळ्या तुळया शेवटी कापून भंगारात जाणार.

घरी येऊन आमच्या लोखंडी पलंगाकडे बघत राहिले. नागपूरहून निघाल्यापासून ह्यांच्या बँकेतल्या प्रत्येक बदलीला खोलला, पुन्हा जोडला, अजून भक्कम आहे. उद्या मालकीणबाईंना हेच सांगावं, असं ठरवत होते. तेवढ्यात हे आले, नव्या बदलीची बातमी घेऊन.

लेकीने ऐकलं. पलंगाचा पाय धरून इथल्याच हिंदीत म्हणाली, "आई, इस बार इसे मत खोलना."

तिलाही तो ठिपकाच हवाय.