फाटकावरच्या गाड्या आणि सरांची सही

८ मार्च ९४
प्रोग्रॅम आज धड चालला. नकली रस्ता, नकली गाड्या, सगळं कॉम्प्युटरच्या पोटात. पुढे घडायच्या घटना रांगेत ठेवायच्या, सगळ्यात आधीची उचलायची. रांग ठेवायच्या पद्धती दोन: हीप, म्हणजे सगळ्यात आधीची घटना कायम टोकावर राहील अशी उतरंड, आणि माझ्या गाइड सरांची लाडकी कॅलेंडर, म्हणजे वेळेचे खण पाडून ज्या वेळची घटना त्या वेळच्या खणात. वेगवान कोणती, हा माझा प्रबंध. कॅलेंडर जिंकली. सर खूश. पण गाड्यांच्या वेळा पुस्तकातल्या, छान पसरलेल्या. पनवेलला अशा गाड्या कुठे येतात?

११ मार्च
रेल्वे फाटकाशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांच्या वेळा टिपल्या. ऊन मरणाचं. शेजारी विचुंब्याची भाजीवाली मावशी. "गाड्या मोजून काय मिलतं?" डिग्री, म्हटलं. "मंग मोज."

१५ मार्च
फाटकाच्या वेळा घातल्या. कॅलेंडर रखडली! फाटक उघडलं की सगळ्या घटना एकाच खणात कोंबल्या जातात, मग त्यात शोधत बसा. हीप आरामात पुढे. पुन्हा चालवलं, तेच.

१६ मार्च
सर: "हे फाटकाचं चौथं प्रकरण काढून टाक, लगेच सही करतो." का, विचारलं. "कॅलेंडरच सगळ्यात वेगवान, असा माझा पेपर छापायला गेलाय." निदान खरं बोलले. सही नाही तर सबमिशन नाही, म्हणजे वर्ष गेलं. आई म्हणते, "चार पानांसाठी वर्ष घालवशील?" घालवीन. कॅलेंडर वाईट असं मी म्हणतच नाहीये. मोकळ्या रस्त्यावर तीच भारी, फाटकावर नाही. दोन्ही छापणार.

२५ मार्च
बाइंडिंग करून आणलं. प्रकरण चार जागेवर.

३० मार्च
सबमिशनचा शेवटचा दिवस. ऑफिस पाचला बंद. सर जेवायला घरी गेले ते चार वाजून गेले तरी...

आले. घामाघूम, वैतागलेले. "फाटकावर अडकलो. उघडल्यावर सगळे एकदम घुसले." मी प्रबंध पुढे केला, चौथं प्रकरण उघडून.

वाचतायत. बहुतेक पहिल्यांदाच. पेनाचं टोपण काढलंय, पेन हातातच आहे. मी समोरच्या खुर्चीत. मला घाई नाही हे दिसावं म्हणून हे लिहितेय. शिपाई दारात येऊन म्हणाला, "मॅडम, खाली ऑफिस बंद करतायत." सरांनी पान उलटलं.

मी उठणार नाही.